कंपनीच्या मोबाइलसाठी एमडीएम निवडताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड आणि सातपूर भागातल्या कारखान्यांत मी बरीच वर्षं संगणक-नेटवर्कची कामं करतोय. हल्ली मला येणाऱ्या फोनमध्ये एक प्रश्न हमखास असतो: "स्टाफच्या मोबाइलवर कंट्रोल पाहिजे, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" (ऑफिसात बसून फोन सांभाळायच्या अशा सॉफ्टवेअरला एमडीएम, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट म्हणतात.) पाठोपाठ दुसरा, "त्यातल्या त्यात स्वस्त कोणतं?" मी उलट एवढंच विचारतो, "फोन कोणाचे आहेत? कंपनीचे की पोरांचे स्वतःचे?" तिथे बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच असतं.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: पोरांच्या स्वतःच्या फोनवर पूर्ण ताबा

दिंडोरी-निफाड पट्ट्यातून द्राक्ष निर्यात करणारी एक कंपनी. फील्डवर चाळीसेक पोरं. प्लॉटचे फोटो, फवारणीच्या नोंदी, काढणीची तारीख, सगळं मोबाइलवरून ऑफिसला जायचं. मालकांचं म्हणणं असं की, "प्रत्येकाकडे फोन आहेच, वेगळा कशाला घ्यायचा?" ज्यांनी त्यांना एमडीएम बसवून दिलं, त्यांना काम उरकायची घाई होती. सगळ्यांचे फोन फॅक्टरी रीसेट केले, सुरुवातीच्या स्क्रीनवर सहा वेळा टॅप करून क्यूआर कोड स्कॅन केला आणि अख्खा फोन कंपनीच्या ताब्यात घेतला. दोन दिवसांत काम फत्ते.

ऐन सीझनमध्ये, फेब्रुवारीत, त्यातला एक मुलगा दुसऱ्या निर्यातदाराकडे गेला. ऑफिसातल्या ताईंनी यादीत त्याचं नाव शोधलं आणि वाइप, म्हणजे दुरून फोन पुसायचं बटण, दाबलं. शेतकऱ्यांची यादी आणि दर बाहेर जाऊ नयेत, एवढाच हेतू. तो मुलगा तेव्हा पेठकडे नातेवाइकांच्या लग्नाला गेला होता, तिथे रेंज नव्हती. एमडीएमची आज्ञा अशा वेळी वाया जात नाही, सर्व्हरवर वाट बघत थांबते. दोन दिवसांनी तो परत निघाला, रस्त्यात रेंज आली आणि खिशातल्या खिशात फोन कोरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन घेऊन ऑफिसच्या दारात उभा. मला बोलावून घेतलं होतं. फोनवर भाषा निवडायची स्क्रीन होती, नवा डबा उघडल्यावर असते तशी. मुलीच्या बारशाचे सगळे फोटो त्याच फोनमध्ये होते. गूगलची १५ जीबी जागा भरल्यामुळे बॅकअप कधीच बंद पडला होता. एम. जी. रोडवरच्या दोन दुकानांत तो आधीच जाऊन आला होता. मला म्हणाला, "दादा, काहीतरी करा." करण्यासारखं काहीच नव्हतं. आजच्या अँड्रॉइड फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो, रीसेट झाला की त्याची किल्लीच नष्ट होते. रिकव्हरीच्या नावाखाली पैसे घेणारे भेटतील, फोटो परत देणारा भेटणार नाही.

हे सहज टळलं असतं. पोराचा स्वतःचा फोन असेल तर फक्त वर्क प्रोफाइल बसवायची. अँड्रॉइडमध्ये ही सोय ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून आहे. कंपनीची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या आयकॉनवर छोटी ब्रीफकेस दिसते. त्या कप्प्याबाहेरचे फोटो, मेसेज, ॲप्स कंपनीला दिसत नाहीत. माणूस सोडून गेला की तेवढा कप्पा पुसायचा, बारशाचे फोटो जागच्या जागी राहतात. पूर्ण ताबा फक्त कंपनीने पैसे मोजून घेतलेल्या फोनवर. यात मी तडजोड करत नाही. मालकांनी आग्रह धरला तर काम सोडतो.

माझी सवय सांगतो. डेमो बघायच्या आधी मालकांना शेजारी बसवून एका कागदावर तीन रकाने आखतो: फोन कोणाचा, वापरतो कोण, आत काय आहे. पॅकहाउसमध्ये स्कॅनिंगला ठेवलेला फोन वेगळा, विक्री प्रतिनिधीचा वेगळा, मालकांच्या मुलाचा आयफोन वेगळा. कन्सोलमध्येही, म्हणजे ऑफिसातून फोन हाताळायच्या एमडीएमच्या स्क्रीनवरही, त्यांचे गट वेगळे ठेवतो. स्वतःच्या फोनवाल्या गटावर अख्खा फोन पुसण्याचा अधिकार कोणालाच देत नाही. कंपनीच्या फोनलाही आधी लॉक, मग दुसऱ्या जबाबदार माणसाची संमती, मगच वाइप. याला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि "एवढं कशाला?" म्हणणारे नेमके तेच असतात ज्यांनी कोऱ्या फोनसमोर उभा राहिलेला माणूस पाहिलेला नसतो.

ॲपलचं प्रमाणपत्र कोणाच्या तरी खासगी आयडीवर

आयफोन एमडीएमला जोडायचे तर ॲपलचं पुश प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय एमडीएमच्या आज्ञा आयफोनपर्यंत पोचत नाहीत. ते वर्षभर चालतं आणि दरवर्षी त्याच ॲपल आयडीने नूतनीकरण करावं लागतं. सातपूरच्या एका इंजिनिअरिंग युनिटमध्ये ते ट्रेनी मुलाच्या वैयक्तिक आयडीवर काढलं होतं. मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला, वर्ष उलटलं, प्रमाणपत्र संपलं. वरवर काहीच बिघडलं नाही. फोन चालू, मेल चालू. मग मॅनेजरसाहेबांचा फोन रेल्वेत राहिला आणि लॉकची आज्ञा जाईना, तेव्हा कळलं. नवीन आयडीवर नवीन प्रमाणपत्र काढायचं म्हणजे प्रत्येक आयफोन नव्याने जोडायचा. शेवटी तेच करावं लागलं, एकेका साहेबांच्या केबिनबाहेर थांबून.

म्हणून पहिल्याच दिवशी कंपनीच्या सामाईक मेलवर ॲपल खातं काढून घ्या आणि त्याला कंपनीच्या सिमचा नंबर द्या. नूतनीकरणाची तारीख मी सॉफ्टवेअरच्या आठवणीवर सोडत नाही. अकाउंट्स विभागातल्या भिंतीवर कालनिर्णय असतं, त्यावर महिनाभर आधीच्या तारखेला लाल पेनाने लिहून येतो. ती तारीख नजरेतून सुटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

वैशिष्ट्यांची यादी बघून निवडू नका. दोनशे सोयींपैकी तुमच्या उपयोगाच्या दहा असतील.

आधीच पैसे भरलेलं काय आहे ते तपासा. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियम घेतलं असेल तर त्यात इनट्यून हे मायक्रोसॉफ्टचं एमडीएम येतं. गूगल वर्कस्पेसमध्ये मोबाइल व्यवस्थापनाचा मूलभूत भाग असतोच. चेन्नईचं मॅनेजइंजिन २५ उपकरणांपर्यंत मोफत आवृत्ती देतं. पुण्याचं स्केलफ्यूजनही आहे, एकाच ॲपपुरता बांधून ठेवायच्या फोनसाठी तेही बघा. बारा फोनांच्या दुकानदाराने मोठ्या कंपनीचं तीन वर्षांचं लायसन्स उचलू नये.

दिवाळी ऑफर बघून कोपऱ्यावरच्या दुकानातून पन्नास फोन उचलायचे आणि मग झीरो-टच (फोन पहिल्यांदा चालू करताच आपोआप एमडीएमला जोडला जायची सोय) मागायचं, असं होत नाही. अँड्रॉइडचं झीरो-टच फक्त अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या फोनला मिळतं. आधी एमडीएम ठरवा, मग खरेदी करा. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, तेही बिल होण्याआधी विचारा.

काही चिनी बनावटीच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग एमडीएमचं ॲपच झोपवून टाकते. कन्सोलवर "शेवटचा संपर्क ९ दिवसांपूर्वी" दिसलं की विक्रेत्याला शिव्या घालायच्या आधी ती सेटिंग बघा.

हातमोजे घालून काम करणाऱ्याला बारा अक्षरी पासवर्ड देऊ नका. तो फोनच्या मागे चिकटपट्टीवर लिहून ठेवतो. सहा आकडी पिन आणि लवकर लागणारं लॉक पुरेसं आहे.

चोरीला गेलेला फोन वाइप केला म्हणजे काम संपलं नाही. पोलिसांत तक्रार द्या आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर या सोयीतून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. अँड्रॉइड १२ पासून वैयक्तिक फोनचा आयएमईआय वर्क प्रोफाइलमधून कंपनीला वाचता येत नाही, म्हणून *#06# दाबून तो नंबर पोरांना आपापल्या घरी लिहून ठेवायला सांगा.

लोकेशन चोवीस तास चालू ठेवायचा हट्ट मला पटत नाही. सुटीच्या दिवशी माणूस रामकुंडावर आहे की सासुरवाडीला, याच्याशी कंपनीला देणंघेणं नाही. ड्यूटीच्या वेळेपुरतं ठेवा आणि काय दिसतं, काय दिसत नाही, हे मराठीत एका पानावर लिहून प्रत्येकाच्या हातात द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जी माहिती लागत नाही, ती गोळाच करू नका.

ट्रायलच न घेता चेक फाडणे

विक्रेता डेमो देतो तो एसी केबिनमध्ये, वायफायवर, त्याच्याच फोनवर. तिथे सगळं चालतं. मी पाच फोन आणि पंधरा दिवस मागतो. एक फोन सुरगाण्याला जाणाऱ्या पोराकडे, एक शॉप फ्लोअरवर, एक मालकांकडे, एक सगळ्यात जुना आणि एक आयफोन. एकाचं सिम काढून बघतो. एक रेंजबाहेर ठेवून लॉकची आज्ञा सोडतो आणि परत आल्यावर किती वेळात लागते ते वहीत लिहितो. विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारतो: उद्या तुमची सेवा सोडली तर पूर्ण ताब्यातले अँड्रॉइड फोन दुसऱ्या एमडीएमवर कसे न्यायचे? "फोन रीसेट करावे लागतील" असं जो सरळ सांगतो, तो खरं बोलतोय. "काही करावं लागत नाही, आम्ही आहोत ना," म्हणणाऱ्याची फाइल मी तिथेच बंद करतो.

ट्रायलमधल्या एका रविवारी संध्याकाळी त्यातला एक फोन हरवला असं समजून सपोर्टला कॉल लावतो. ज्यांनी तो उचलून नीट उत्तर दिलं, त्यांचंच कोटेशन सोमवारी मालकांच्या टेबलावर ठेवतो.