हिरवं दिसलं की लगेच जनावरं सोडू नका

पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कुरण हिरवं दिसायला लागतं आणि लगेच जनावरं आत, इथंच वर्षभराचं गणित बिघडतं. बहुवर्षायू गवताचा पहिला फुटवा मुळात आणि बुडख्यात साठलेल्या अन्नावर येतो, त्या पानांनी स्वतः अन्न बनवायच्या आधीच ती ओरबाडली गेली तर ठोंबाला परत साठ्यालाच हात घालावा लागतो, असं सारखं झालं की ठोंब खचतो. त्यात जमीन ओली असते, खुरांनी दबून घट्ट होते, मग पुढचं पाणी मुरत नाही, नुसतं वाहून जातं.

म्हणून गवत वीतभर तरी होऊ द्या आणि निम्मं खाऊन झालं की जनावरं बाहेर काढा. निम्मं सोडलं म्हणजे चारा वाया गेला असं वाटतं खरं, पण निम्म्यापेक्षा जास्त पाला गेला की मुळांची वाढ अडते. कुरणाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने चरू द्या, दरवर्षी एक भाग बी झडेपर्यंत बंद ठेवा आणि तो भाग दरवर्षी बदला, एवढं तरी कराच.

जनावर निवडून खातं हे आपण विसरतो. मारवेल, पवन्या ही चवीची गवतं आधी संपतात आणि ज्याला तोंड लावत नाहीत ते टाकळा, गाजर गवत मोकळ्या जागेत पसरतं. नुसतं तण उपटून काही होत नाही, ती जागा गवताने भरली पाहिजे. चराई-कापणी कायमची बंद करणं पण बरं नाही, वाळकं गवत साचून नवीन फुटव्याला ऊन मिळत नाही.

युरिया जपून. इंग्लंडमधे रोथॅमस्टेडला १८५६ पासून एकाच कुरणावर प्रयोग चालू आहे, तिथं खत न दिलेल्या तुकड्यात चाळीसच्या आसपास वनस्पती आणि वर्षानुवर्षं अमोनियम सल्फेट (युरियासारखंच नत्राचं खत) घातलेल्या, चुना न दिलेल्या काही तुकड्यांत जेमतेम दोन-तीन, वर जमीन आम्लधर्मी झाली ती वेगळीच! नत्र जास्त झालं की उंच गवतं बाकीच्यांना दाबतात आणि फुकट नत्र देणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती आधी जातात. त्यापेक्षा स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी टाका.

काडी लावून जाळायची सवय असेल तर सोडा, आच्छादन आणि नत्र दोन्ही जातं.

आणि कुदळीने एक ढेकूळ काढून बघा, बंद ठेवलेल्या भागातलं एक आणि रोज चरलेल्या भागातलं एक, मुळं किती खोल आहेत, गांडूळ दिसतंय का, माती भुसभुशीत सुटते का थर धरून बसते.