जुन्या विमानात कार्ब्युरेटर हीट आधी आणि पूर्ण ओढा

पायपर जे-३ कब किंवा एरोंका चँपसारख्या जुन्या विमानांत बर्फाची भीती फक्त थंडीत असते, असं समजू नका. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, पेट्रोलची वाफ होताना आणि हवेचा दाब उतरताना तापमान २० अंशांहून जास्त घसरू शकतं. त्यामुळे बाहेर २० अंश सेल्सिअस असलं आणि हवा दमट असली, तरी आत बर्फ धरतो. या विमानांतलं काँटिनेंटल ए-६५ इंजिन तर त्यासाठी बदनामच आहे. अनेक लायकमिंग इंजिनांत कार्ब्युरेटर तेलाच्या गरम टाकीला चिकटून असतो. ए-६५ मध्ये ती ऊब मिळत नाही.

बर्फाची पहिली खूण म्हणजे थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) तिथेच असताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, हळूहळू उतरणं. नवखे वैमानिक नकळत थ्रॉटल थोडा पुढे सारतात आणि खूण झाकून टाकतात. त्याऐवजी कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा हीटचा नॉब पूर्ण ओढा, अर्धवट नको. आरपीएम आणखी पडेल, बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन खडखडेलही. खरी परीक्षा इथेच असते, कारण हात आपोआप नॉब परत ढकलायला जातो. ढकलू नका, आरपीएम पुन्हा चढेपर्यंत थांबा.

उतरताना थ्रॉटल मागे घेण्याच्या आधीच हीट लावा. ही गरमी एक्झॉस्टकडून येते, आणि इंजिन मंद झाल्यावर तीही आटते. जमिनीवर मात्र तपासणीपुरतीच वापरा. ही हवा सहसा फिल्टरमधून येत नाही, धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते.