कातळशिल्पाची रेघ कागदात कशी उतरवावी

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं (जांभ्या दगडात खोदलेल्या आकृत्या) कागदावर काढायची म्हटलं की हात आधी काळ्या पेनाकडे जातो. आकृती बरोबर येते, पण कातळशिल्प वाटत नाही. जांभ्यातली रेघ खोदलेली असते आणि आपल्याला दिसते ती तिच्यातली सावली. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात ती उठून दिसते आणि भर दुपारी हरवते. कागदावरही रेघ पृष्ठभागाच्या खाली गेली पाहिजे. पुठ्ठ्याचा ठसा आणि दमट कागद एवढ्यावर हे जमतं, शाई लागत नाही.

पहिल्यांदा उक्षीचा हत्ती घ्या (उक्षी, कशेळी, बारसू ही याच भागातली गावं). एकच आकृती आहे. कशेळीचा हत्ती मोह घालतो, पण तो सुमारे 18 मीटर लांब, आणि त्याच्या आत इतर प्राण्यांच्या आकृत्याही कोरलेल्या. तो 24 सेंटिमीटरवर आणला तर प्रमाण 1:75 होतं; कातळावरचा 4 सेंटिमीटर रुंद चर कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. तेवढी पट्टी हाताने कापता येत नाही. बारसूचा दोन वाघांमधला माणूस दुसऱ्या खेपेला करावा. फोटो वरून, सरळ काढलेला हवा. तिरक्या फोटोत लांबचा भाग आखडतो. मूळ शिल्पावर कागद ठेवून घासणं, खडू-चुन्याने रेघा भरणं, पाणी ओतणं कधीही करू नये.

कागद सुती चिंध्यांचा हातकागद, 250 ते 300 जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये). पातळ कागद कडेला फाटतो. 400 च्या वरचा हाताच्या दाबाला दबत नाही. ठशासाठी बाइंडिंगचा करडा पुठ्ठा: तळाला 2 मिलिमीटर जाडीचा, रेघांसाठी 1 मिलिमीटरचा.

आकृती ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि कागद पालथा करून पुठ्ठ्यावर उतरवा. ही पायरी सगळ्यात जास्त चुकते. ठसा उलटा असतो, त्यामुळे पालथं केलं नाही तर हत्ती भलत्याच दिशेला तोंड करतो. रेघांच्या पट्ट्या निदान 3 मिलिमीटर रुंद कापा, दोन रेघांत 4 मिलिमीटर अंतर ठेवा. पट्टीच्या कडा काचपेपरने उतरत्या करा. उभी कड ओला कागद सरळ चिरते. पट्ट्या फेविकॉलने तळाच्या पुठ्ठ्यावर चिकटवा.

जांभ्याचा खडबडीतपणा हवा असेल तर मोकळ्या जागी पातळ फेविकॉल लावून चहाच्या गाळणीने चाळलेली वाळू विरळ भुरभुरा. ठशावरचा उंच कण कागदात खड्डा पाडतो, आणि जांभ्याचा पृष्ठभाग असाच भोकाभोकांचा असतो. रवा वापरू नका, ओलीने फुगतो. सगळं वाळल्यावर वॉर्निशचे दोन हात द्या. त्यात कंजुषी केली तर कागद ठशाला चिकटून बसतो.

आता कागद दमट करायचा. दोन्ही बाजूंनी पाणी फवारून प्लॅस्टिकच्या पिशवीत तासभर ठेवा. बाहेर काढल्यावर तो मऊ, गार लागावा आणि त्यावर पाण्याची चमक नसावी. चमक दिसली तर जुन्या टॉवेलात दाबून टिपा. फार ओल्या कागदाचे तंतू उपटतात. कमी ओला असला तर रेघ वाळताना परत वर येते.

कागदाची चांगली बाजू खाली, ठशावर. वर बटर पेपर. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे, लहान गोल फिरवत घासा. मग रिकाम्या बॉलपेनच्या टोकाने प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा पक्क्या करा. लाटण्याने हे होत नाही, ते उंच भागावरूनच फिरतं. सुरुवात झाल्यावर कागद तसूभरही सरकला तर दुहेरी रेघ येते, म्हणून वरची कड चिकटपट्टीने आधीच बांधून घ्या.

कागद ठशावरच रात्रभर वाळू द्या. लवकर सोडवून पुस्तकांखाली ठेवला तर सगळं काम सपाट होतं. पावसाळ्यात दोन दिवस धरा, पंखा लावा, नाहीतर बुरशीचे ठिपके पडतात.

रंगाची आम्ही शिफारस करत नाही. हवाच असेल तर कापडाची घट्ट पोटली कोरड्या गेरूत बुडवून, झटकून, कागदावरून आडवी फिरवा. पृष्ठभाग तांबूस होतो, खोल रेघ पांढरी राहते.

आणखी एक. या आकृत्यांच्या ओळी लावून त्यांची ‘लिपी’ बनवू नका; ती लिपी असल्याचा पुरावा नाही. लिहिण्याच्या उगमाकडेच जायचं असेल तर पाच हजार वर्षांहून मागे मेसोपोटेमियातल्या उरुकला जा. तिथे ओल्या मातीच्या पाटीवर आधी टोकाने चिन्हं ओढली जात, पुढे बोरूची कड दाबून पाचरीसारखे ठसे उमटू लागले. चौकोनी बांबूच्या काडीचा कोपरा याच दमट कागदावर, खाली फेल्ट (लोकरीचं जाड मऊ कापड) ठेवून, तिरका दाबला की तशीच पाचर उमटते: एका टोकाला त्रिकोण, मागे निमुळती शेपटी.

चौकटीत काच आणि कागद यांत 4 मिलिमीटरची पोकळी ठेवा. भिंत अशी निवडा की खिडकीचा उजेड बाजूने येईल. समोरून आला तर हत्ती दिसणारच नाही.