जुन्या ट्रकमधले इंजेक्शन इंजिन घाटात दम टाकते, तेव्हा या चुका टाळा

पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या नाशिकच्या गॅरेजमध्ये १९६० च्या दशकातील एक विलीज पिकअप ट्रक आला. मूळचे कार्ब्युरेटरवर चालणारे हरिकेन इंजिन काढून मालकाने त्यात चार सिलिंडरचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारे) पेट्रोल इंजिन बसवून घेतले होते. शहरात गाडी कुरकुर न करता चालत असे. मात्र मुंबईहून येताना कसारा घाट चढू लागली की मिसिंग करायची, म्हणजे इंजिन अडखळायचे, आणि इगतपुरीच्या सपाटीवर आली की पुन्हा ठीक व्हायची. आमच्याकडे येण्यापूर्वी चारही इंजेक्टर बदलून झाले होते, दुसरा ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) लावून पाहिला होता आणि दोष मात्र जागचा हलला नव्हता.

पहिली आणि सर्वांत महागडी चूक हीच आहे. चांगल्या गाडीतून काढलेले चालू इंजिन आणि त्याचा ईसीयू सहसा एकाएकी बिघडत नाहीत. दोष बहुधा जुनी गाडी आणि नवे इंजिन जिथे एकमेकांना जोडले जातात तिथे, म्हणजे टाकी, पेट्रोलचे पाइप, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी), चावीची वायर आणि सायलेन्सर यांत असतो. त्यामुळे शोध तिथूनच सुरू करावा.

या ट्रकच्या रेलकडे (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीकडे) जाणाऱ्या पाइपमध्ये आम्ही टी-जोड घालून प्रेशर गेज लावले आणि लांब होजच्या टोकाला असलेले ते गेज बॉनेटवरून आणून समोरच्या काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटवले. (पेट्रोलचा दाबाखालचा पाइप केबिनमध्ये कधीही घेऊ नये.) टाकीत पाव भाग पेट्रोल ठेवून गाडी घाटात नेली. सपाटीवर काटा तीन बारवर स्थिर होता; चढ लागताच तो थरथरू लागला, दीड बारपर्यंत खाली आला आणि त्याच क्षणी इंजिनाने मिसिंग धरले. जुन्या टाकीत आतले आडवे पडदे नव्हते आणि पेट्रोल ओढणारी नळी पुढच्या कडेला होती. चढावर पेट्रोल मागे सरकले की नळी उघडी पडून पंप हवा ओढत होता. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल नेहमी साठलेले असते, म्हणून पूर्वीच्या इंजिनाला हा काही सेकंदांचा खंड कळतच नसे. इंजेक्शनमध्ये असा साठा नसतो. तिथे एक बुडबुडासुद्धा दाब पाडतो. उपाय म्हणून दीड लिटरची छोटी सर्ज टाकी बसवली. कमी दाबाचा पंप मोठ्या टाकीतून ती सतत भरलेली ठेवतो, जास्त दाबाचा पंप तिच्यातून पेट्रोल घेतो, रेलकडून परत येणारे पेट्रोल तिच्यातच येते आणि जास्तीचे मोठ्या टाकीत जाते.

दाबाचा हिशोब मुळातच वेगळा आहे, हे अनेकजण विसरतात. कार्ब्युरेटरला अर्ध्या बारच्या आतला दाब पुरतो, तर एमपीएफआयला साधारण तीन बार आणि परतीचा पाइप नसलेल्या काही इंजिनांना त्याहूनही अधिक लागतो. म्हणून कार्ब्युरेटरसाठी मिळणारा साधा रबरी होज आणि साधी दातेरी क्लिप इथे वापरणे ही चूक नसून धोका आहे. इंजेक्शनच्या दाबाचा होज आणि त्याला न कापणारी गोल कडांची क्लिपच घ्यावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि त्याने जुने रबर फुगते, आतून सुटते. त्याचे काळे कण आम्ही कित्येकदा फिल्टर कापून पाहिले आहेत. पंपाच्या आधी जाड जाळी आणि पंपानंतर बारीक फिल्टर अशी रचना हवी; बारीक फिल्टर आधी लावला तर पंपाला पेट्रोल ओढताना त्रास होतो आणि उन्हाळ्यात पाइपातच वाफ धरते.

विजेच्या बाजूने सर्वाधिक दुर्लक्ष अर्थकडे होते. इंजिन रबरी माउंटवर बसते, चेसिसवर रंगाचे आणि गंजाचे थर असतात, आणि तरीही बॅटरीची अर्थ केबल फक्त चेसिसला जोडून काम संपवले जाते. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायला सांगावे. आकडा पाव व्होल्टच्या वर गेला, तर ब्लॉकपासून थेट बॅटरीपर्यंत जाड केबल टाकावी. ईसीयूची अर्थही, त्या इंजिनाच्या मूळ वायरिंगमध्ये जिथे होती तिथेच, बहुतेक वेळा ब्लॉकवर, द्यावी.

चावीच्या वायरीचा दोष ओळखणे सोपे आहे. सेल्फ फिरत असताना इंजिन अजिबात धरत नाही आणि चावी सोडताक्षणी एकदाच भडकते, असे झाले तर ईसीयूला दिलेली वायर सेल्फच्या वेळी बंद होणाऱ्या टर्मिनलवरून घेतलेली आहे असे समजावे. काही जुन्या गाड्यांत कॉइलकडे जाणारी वायर रेझिस्टन्समधून येते; तिच्यावरून ईसीयू चालवला तर त्याला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. चावीच्या वायरने फक्त रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) ओढावा आणि मुख्य पुरवठा फ्यूजमधून थेट बॅटरीवरून घ्यावा.

एक सवय मात्र मनापासून सोडावी असे वाटते, ती म्हणजे गाडी गरम होऊ नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) काढून टाकण्याची. कार्ब्युरेटरच्या काळात ते कसेबसे खपून गेले. इंजेक्शनचे इंजिन पाण्याच्या तापमानावरून पेट्रोल ठरवते. निफाडकडे थंडीत पारा घसरतो तेव्हा थर्मोस्टॅट नसलेले इंजिन ८० अंशांपर्यंत पोहोचतच नाही, ईसीयू ते अजून थंडच आहे असे धरून जास्त पेट्रोल देत राहतो, आणि मग काळा धूर, काळे प्लग व घसरलेले ॲव्हरेज यांचा दोष इंजेक्टरवर येतो. त्याचबरोबर मीटरच्या काट्याचा सेन्सर आणि ईसीयूचा सेन्सर वेगवेगळे असतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

स्कॅनर लावल्यावर केवळ कोड वाचून थांबू नये. इंजिन बंद आणि चावी चालू असताना मॅप सेन्सरने (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरने) बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तो इथे ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. मुंबईत तो १०० च्या वर असतो. फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) आयडलला खूप अधिक असेल आणि इंजिन फिरवताच कमी होत असेल, तर मॅनिफोल्डमध्ये किंवा ब्रेक बूस्टरच्या पाइपमध्ये हवा शिरत आहे. उलट लोड आल्यावर तो वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडत आहे. वेल्डिंग करून बनवलेल्या सायलेन्सरच्या पाइपला ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीक चीर असली, तरीही ईसीयूला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो, म्हणून साबणाच्या पाण्याने ते सांधे आधी तपासावेत.

इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर इमोबिलायझर (चावी ओळखीची नसेल तर इंजिन बंद पाडणारी चोरीविरोधी यंत्रणा) पाहावा. ईसीयू, चावी आणि तिचा रिसीव्हर हे एकाच गाडीतून संच म्हणून घ्यावे लागतात. सिग्नलला थांबताना गाडी बंद पडत असेल, तर जुन्या गिअरबॉक्सवर वेगाचा सेन्सर आहे का ते पाहावे.

नोंदणीपत्रात इंजिन बदलल्याची नोंद झालेली नसेल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ती गाडी अडचणीत येऊ शकते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

आमच्याकडे आलेल्या त्या ट्रकमध्ये पंप थेट चावीवर जोडलेला होता. इंजिन बंद पडले तरी तो चालूच राहत असे आणि अपघातात फुटलेल्या पाइपातून तीन बारने पेट्रोल उडवत राहिला असता. आम्ही तो ईसीयूच्या रिलेवर घेतला. आता चावी चालू केली की टाकीजवळ दोन सेकंद घुर्र असा आवाज येतो, इंजिन सुरू झाले नाही तर तो थांबतो, आणि पंपाची तपासणी आम्ही रोज त्या आवाजावरूनच करतो.