घरची कार्यशाळा आणि उन्हाळा: उष्णतेला आवर घालून काम कसे करावे

कारखान्यात जेवणाची सुटी होते, पर्यवेक्षक फेरी मारतो आणि शेजारच्या यंत्रावरचा सहकारी चेहरा उतरलेला दिसला तर हटकतो. घरच्या कार्यशाळेत यांपैकी कोणीच नसते. तेथे माणूस एकटा असतो, काम आवडीचे असते, आणि ‘एवढा सांधा जुळवून उठतो’ असे म्हणता म्हणता तास निघून जातो. खरा धोका येथेच आहे, कारण उष्णता माणसाला आडवे पाडण्याच्या कितीतरी आधी त्याचे लक्ष उडवते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी घटले, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचा सव्वा लिटरच्या आसपास घाम भरून न निघता गेला, की एकाग्रता आणि दम दोन्ही कमी होऊ लागतात. आणि फिरत्या करवतीसमोर एकाग्रता ढळणे म्हणजे काय, हे ज्याने करवत चालवली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून आपण किती सोसू शकतो हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि कार्यशाळेत उष्णता येते कोठून व शरीरातून ती बाहेर पडते कशी, याकडे आधी पाहावे.

बहुतेक घरगुती कार्यशाळा गॅरेजमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत असतात, आणि तेथे उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा छपराचा असतो. निरभ्र आकाशात भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकी सौरऊर्जा पडते. गडद किंवा गंजलेला पत्रा तिचा बराचसा भाग शोषून घेतो, भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि ती उष्णता प्रारणाच्या रूपाने खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर व खांद्यांवर टाकत राहतो. भिंतीवरचा तापमापक ३६ अंश दाखवत असताना डोके मात्र भाजल्यासारखे वाटते, ते यामुळे. हवा हलवून ही उष्णता कमी होत नाही. ती छपरावरच अडवावी लागते. पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पत्र्याला किंवा गच्चीला बाहेरून पांढऱ्या परावर्तक रंगाचा थर देणे. दुसरा म्हणजे पत्र्याखाली थोडी जागा सोडून आतले छत करणे आणि मधल्या पोकळीतील तापलेली हवा निघून जाण्यासाठी दोन्ही टोकांना जाळीच्या फटी ठेवणे. ॲल्युमिनियमचा चकचकीत पडदा लावायचा असेल, तर तो पत्र्याला चिकटवू नये. त्याचा उपयोग त्याच्या पृष्ठभागासमोर हवेची पोकळी असते तेव्हाच होतो; पत्र्याला टेकला की उष्णता त्यातून सरळ वाहून खाली येते. कार्यशाळेत धूळ भरपूर उडते आणि धुळीचा थर बसलेला चकचकीत पृष्ठभाग आपले काम नीट करत नाही, हेही ध्यानात ठेवावे. खर्चाची ऐपत एकाच गोष्टीपुरती असेल, तर तो खर्च छपरावर करावा. थंड हवेच्या यंत्राचा विचार नंतर करावा, कारण तापलेल्या पत्र्याखाली ते यंत्र दिवसभर छपराशीच झुंजत राहते. पश्चिमेच्या खिडकीलाही हाच न्याय लागू आहे. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते काचेतून आत आलेले असते. म्हणून छज्जा, चटई किंवा जाळी बाहेरच्या बाजूने लावावी.

त्यानंतर वायुवीजन. गरम हवा वर चढते, त्यामुळे हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा भिंतीच्या वरच्या भागात असावा आणि हवा आत येण्याची वाट समोरच्या, शक्यतो सावलीतल्या भिंतीत खाली असावी. आत येण्याची वाट पुरेशी मोठी नसेल, तर पंखा नुसता गरगरत राहतो. मात्र बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा सर्व दारे-खिडक्या उघडून बसण्यात अर्थ नाही. जाड भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब असलेल्या खोलीत सकाळी लवकर हवा खेळवून घ्यावी आणि ऊन चढल्यावर खिडक्या लावून घ्याव्यात. अर्थात, भुसा, धूर किंवा वाफा निर्माण करणारे काम तेथे त्या वेळी करू नये.

छपराच्या प्रकारावरून कामाची वेळही ठरते, आणि याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. पत्र्याचे वजन कमी असल्याने तो लवकर तापतो आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. अशा शेडमध्ये सकाळइतकीच संध्याकाळही कामाला बरी असते. स्लॅब आणि विटांची भिंत दिवसभर उष्णता साठवतात आणि काही तासांनी आत सोडू लागतात, त्यामुळे बाहेर गार वारा सुटलेला असतानाही आतली खोली रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. तेथे पहाटेची आणि सकाळचीच वेळ खरी. फळ्या कापणे, रंधा मारणे, वजनी लाकूड किंवा लोखंड हलवणे ही दमणुकीची कामे त्या वेळेत उरकावीत. आखणी, मापे घेणे, पटाशीला धार लावणे, सामानाची यादी करणे ही कामे दुपारसाठी ठेवावीत आणि शक्य असल्यास ती घरातल्या थंड खोलीत बसून करावीत. हवेचे तापमान साधारणपणे दुपारी तीन ते चारच्या सुमारास सर्वाधिक असते, त्यामुळे सूर्य डोक्यावरून ढळला म्हणून लगेच मोठे यंत्र सुरू करू नये.

आत निर्माण होणारी उष्णताही मोजावी. यंत्राला दिलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन उरते. एक अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने चालली, तर ७४६ वॅटचे काम आणि तिच्या स्वतःच्या तापण्यात गेलेली वीज, असे दोन्ही मिळून एका खोली गरम करणाऱ्या हीटरइतकी भर पडते. जुने हॅलोजनचे दिवे काढून एलईडी लावावेत. कॉम्प्रेसर शक्य असल्यास बाहेर, सावलीत आणि मोकळ्या हवेत ठेवावा.

आता शरीराकडे वळू. त्वचेचे तापमान सर्वसाधारणपणे ३३ ते ३५ अंश सेल्सियस असते. भोवतालची हवा त्याहून थंड असते तोवर शरीर आपली उष्णता हवेला देऊ शकते. हवा त्याहून गरम झाली की ही वाट बंद होते आणि उरतो तो केवळ घाम. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, म्हणजे तासभर साडेसहाशे वॅटहून अधिक. कष्टाचे काम करताना शरीरात निर्माण होणारी उष्णता बाहेर काढायला एवढे सामर्थ्य पुरेसे आहे. अट एकच, ती म्हणजे घाम अंगावर वाळला पाहिजे. नाकावरून, हनुवटीवरून टपटपत जमिनीवर पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण गारवा देत नाही. दमट दिवशी हवेला आणखी फारसे बाष्प सामावता येत नाही, म्हणून ४० अंशांच्या कोरड्या दुपारपेक्षा ३४ अंशांची दमट दुपार काही वेळा अधिक जड जाते.

पंख्याचा उपयोग हा घाम वाळवण्यासाठी आहे. तो अंगावर यावा, परंतु कापण्याच्या जागेवर येऊ नये, कारण तो बारीक भुसा उडवून डोळ्यांत आणि श्वासात नेतो. वायूचे आवरण वापरून वेल्डिंग करताना तर तो आवरणच उडवून लावतो आणि जोड सच्छिद्र होतो. हवा ४० अंशांच्या वर गेली असता पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण एवढी गरम हवा शरीराला थंड करण्याऐवजी तापवते. अशा वेळी काम थांबवणे हाच उपाय. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत उत्तम, दमट हवेत जवळपास निरुपयोगी. शिवाय त्याच्या ओलाव्याने लाकूड फुगते आणि यंत्रांच्या ओतीव लोखंडी पृष्ठभागांवर गंज धरतो. कूलर वापरायचाच असेल, तर त्याच्या समोर खिडकी उघडी ठेवावी आणि ते पृष्ठभाग काम संपल्यावर पुसून मेण लावून ठेवावेत. घामाने ओले झालेले हात टेकले तरी एका रात्रीत तेथे बोटांचे ठसे उमटतात.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी नायॉश ही अमेरिकी सरकारी संस्था दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी पिण्यास सांगते आणि तासाला सुमारे १.४ लिटरच्या आतच राहावे असेही बजावते, कारण थोड्या वेळात फार पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. काम दोन-तीन तासांहून अधिक चालणार असेल आणि घाम सतत येत असेल, तर जेवण वेळेवर घ्यावे, कारण गेलेले मीठ बहुतांशी जेवणातूनच भरून निघते. आपला घाम किती जातो हे जाणून घ्यायचे असेल, तर कामापूर्वी आणि कामानंतर वजन करावे; एक किलोची घट म्हणजे जवळपास एक लिटर पाणी. लघवी गडद पिवळी होणे हीदेखील पुरेशी स्पष्ट सूचना आहे. रक्तदाबावरील लघवी वाढवणारी औषधे, सर्दीवरील काही औषधे आणि मानसिक आजारांवरील काही औषधे उष्णता सोसण्याची क्षमता कमी करतात. ती चालू असतील, तर उन्हाळ्यातील कामाबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावे.

शरीर उष्णतेला सरावते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण घटतो. नायॉश नवख्या कामगाराला पहिल्या दिवशी नेहमीच्या २० टक्केच काम देण्याची आणि पुढे रोज २० टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस करते. आठवडाभर वातानुकूलित कार्यालयात बसून रविवारी सहा तास यंत्रांपाशी उभे राहणाऱ्याला हा सराव कधीच पुरता होत नाही. त्याने पहिल्या रविवारी तासाभरातच थांबावे.

कपडे सुती, फिक्या रंगाचे आणि हवा खेळेल असे असावेत, तरी फिरत्या भागांजवळ सैल बाह्या चालत नाहीत. मानेभोवती ओला पंचा गुंडाळण्याने गार वाटते. परंतु लेथ, ड्रिल किंवा ग्राइंडरसमोर तो प्राणघातक ठरू शकतो, म्हणून यंत्राकडे जाताना तो काढून ठेवावा. उकाड्यामुळे चष्मा, मास्क आणि बूट नकोसे होतात आणि अपघात त्याच क्षणी गाठतात. चष्म्यावर वाफ धरत असेल, तर तो काढून काम पुढे रेटू नये. थांबून तो पुसावा. ओल्या त्वचेचा विजेला होणारा रोध कोरड्या त्वचेच्या तुलनेत फारच कमी असतो, त्यामुळे घामेजलेल्या हातांनी हत्यारे चालवणाऱ्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारी सुरक्षा कळ (आरसीसीबी) असलीच पाहिजे. गुंडाळीवरची लांब वायर पूर्ण सोडून वापरावी. गुंडाळलेली वायर आतून तापते.

साहित्यही उष्णतेत वेगळे वागते. लाकडाचा पांढरा गोंद लवकर सुकतो, म्हणून सांधा आधी कोरडा जुळवून पाहावा आणि शिकंजे हाताशी ठेवून मगच गोंद लावावा. इपॉक्सी (दोन घटक कालवून वापरायचा गोंद) तर दर १० अंशांच्या वाढीला साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते. थोडे थोडे कालवावे आणि पसरट भांड्यात ठेवावे. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकणे ही उन्हाळ्यातली सर्वांत घातक सवय आहे, कारण वाळणाऱ्या तेलातून निघणारी उष्णता कोंडली की बोळा आपोआप पेट घेतो. असे बोळे उघड्यावर एकेक पसरून वाळवावेत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवावेत. तापलेली लिथियम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये.

थांबण्याचा नियम काम सुरू करण्याआधीच ठरवावा, कारण उष्णता चढल्यावर निर्णय घेणारी बुद्धीच मंदावलेली असते. गजर लावावा आणि तो वाजला की यंत्र बंद करून सावलीत बसावे. यंत्रांच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून घरातील कोणीतरी अर्ध्या तासाने येऊन पाहील, अशी व्यवस्था करावी. एकच माप दोनदा चुकणे, विनाकारण चिडचिड, डोके दुखणे, मळमळ, चक्कर किंवा पोटऱ्यांत गोळे येणे, यांपैकी काहीही जाणवले की त्या दिवसाचे काम संपले असे समजावे, थंड जागी आडवे व्हावे आणि घोटघोट पाणी घ्यावे.

बोलणे असंबद्ध झाले, माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे असे धरावे, मग त्वचा कोरडी असो वा घामाने भिजलेली. शरीराचे आतले तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येण्याची वाट न पाहता कपडे सैल करून सर्वांगावर थंड पाणी ओतत राहावे, वारा घालावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापावरच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. उष्माघातातून बरे झाल्यावर शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती बराच काळ कमी राहते, म्हणून डॉक्टरांच्या संमतीशिवाय पुन्हा तापलेल्या कार्यशाळेत कामाला लागू नये.