मोगरा-लोबानचं अत्तर हातावर कसं पारखायचं

नागपूरच्या मोमिनपुऱ्यात किंवा ताजबागच्या बाहेर अत्तराच्या दुकानाशी उभे राहिलात की अत्तरवाला काचेची काडी मनगटावर फिरवतो. तुम्ही हुंगता, मान डोलावता आणि पैसे काढता. नुसत्या फुलांच्या अत्तरापुरतं हे एक वेळ चालेल. पण ज्यात फुलासोबत लोबान, हिराबोळ, राळ असा झाडाचा सुगंधी डिंक आहे, ते अत्तर पहिल्या मिनिटाला अर्धंच कळतं. म्हणून माझा नियम साधा आहे: लावायचं आज, घ्यायचं उद्या.

माझी सगळी नोकरी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. त्यामुळे कुपी हातात आली की मला आधी उकळबिंदू आठवतात. मोगऱ्यातलं लिनलूल हे सुगंधी रसायन १९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. ज्याच्यामुळे फुलाला तो गोड, किंचित केळ्याकडे झुकणारा वास येतो, ते बेंझिल ॲसिटेट २१२ ला. मोगऱ्यातलंच इंडोल २५४ ला. लोबानातल्या गोडव्यामागे जे व्हॅनिलिन असतं ते थेट २८५ ला. हातावर अर्थातच काही उकळत नाही. पण आकडा जितका वर, तितकी उडून जायची घाई कमी, हे ढोबळमानाने खरं आहे. अत्तर दिवसभर बदलत जातं ते यामुळेच.

आता तयारी. सकाळी अंघोळ करून, शक्यतो बिनवासाच्या किंवा साध्या साबणाने, कोपराच्या आतल्या खळग्यात लावा. मनगट नको. ते दिवसातून कितीदा धुतलं जातं, घड्याळाच्या पट्ट्याला घासतं, आणि दुपारी सावजीच्या रश्श्यात हात घातल्यावर तिथे मोगरा शोधणं म्हणजे थट्टाच. कातडी फार कोरडी असेल तर आधी बिनवासाचं व्हॅसलीन अगदी पुसटसं चोळा; कोरड्या कातडीवर अत्तर लवकर संपतं. एका हाताला एकच अत्तर. अर्धा थेंब पुरे. आणि लावल्यावर हातावर हात चोळू नका. चोळल्याने अत्तराचे रेणू तुटतात असं काही जण सांगतात, ते खरं नाही. घर्षणाने कातडी तापते, तेल पातळ पसरतं आणि सुरुवातीचा भाग भरकन उडून जातो, एवढंच. पण पारख करायची असताना तेवढंही नुकसान कशाला?

ज्यांना या अत्तरांचा अंगावर पुरळ येण्याचा अनुभव आहे त्यांनी आदल्या दिवशी एवढ्याशा जागी लावून बघावं. लोबान काहींच्या कातडीला सोसत नाही.

पहिली दहा-पंधरा मिनिटं मोगऱ्याची. हिरवट, ओलसर, गोड. इथे निर्णय घेऊ नका; दुकानदाराची सगळी भिस्त याच मिनिटांवर असते. उन्हाळ्यात असाल तर एक करा: सीताबर्डीच्या फूलबाजारातून मोगऱ्याचा गजरा आणा आणि हातावरच्या वासाशी ताडून पहा. खरं फूल संध्याकाळी उमलताना थोडं जड, थोडं कुबट होत जातं. अत्तरात तो कुबटपणा औषधालाही नसेल, नुसती स्वच्छ गोडी असेल, तर बहुतेक मोगरा कारखान्यातला आहे. तसा असायला माझी हरकत नाही, फक्त भाव त्या हिशोबाने असावा.

अर्ध्या तासानंतर इंडोल जाणवायला लागतं. कपाटातल्या डांबरगोळीची आठवण करून देणारा तो वास. पुष्कळ लोक इथेच नाक मुरडतात आणि हात धुतात. धुऊ नका. थोड्या प्रमाणात तोच वास फुलाला जिवंत ठेवतो, आणि लोबान वर यायला लागला की त्याच्यासोबत तो छान मुरतो. या टप्प्यावर दर पाच मिनिटांनी हुंगू नका. नाक त्याच वासाला सरावतं, मग अत्तर गेलं असं वाटतं आणि घरात दुसऱ्या कोणी विचारलं की कळतं ते किती आहे. आमच्या घरी हे काम सौ. करते. तिचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे आणि तिला उकळबिंदूंशी काही देणंघेणं नाही.

दीड-दोन तासांनी खरी गंमत सुरू होते. फूल मागे सरतं, पण जात नाही. लोबानाचा गोड, दुधाळ वास पुढे येतो. त्यात हिराबोळ असेल तर जिभेला जाणवावा असा कडवटपणा येतो, राळ असेल तर किंचित लिंबाळ, धुरकट कड. विदर्भाच्या जंगलात सालईचं झाड भरपूर. त्याचा डिंक निखाऱ्यावर टाकलेला ज्यांनी हुंगला आहे त्यांना ही कड लगेच ओळखू येईल. मात्र कातडीवर धूर नसतो, त्यामुळे तीच गोष्ट मऊ होऊन येते. चांगल्या अत्तरात या वेळी फूल आणि डिंक वेगळे काढता येत नाहीत. वाईटात मोगरा एकीकडे आणि गोड चिकट सरबत दुसरीकडे, असं स्पष्ट ऐकू येतं.

कन्नौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुलं पाण्यात उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गार होऊन साठते त्या भांड्यात, जाते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल असतं. तसं अत्तर असेल तर चार-पाच तासांनी तळाशी चंदन सापडतं. चंदन महागल्यापासून त्या जागी स्वस्त तेलं सर्रास वापरतात. तासाभरात वास संपला आणि हातावर नुसता तेलकट डाग उरला, तर तुम्ही तेलाचे पैसे दिलेत. उलट सकाळपासून रात्रीपर्यंत वास जराही बदलला नाही, तर त्यातही शंका घ्यावी. अशा अत्तराने बदललंच पाहिजे.

शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या, तोंड धुण्याआधी. कोपराशी नाक न्या. व्हॅनिलासारखी पुसट गोडी आणि थोडी धूळ, एवढं उरलं असेल आणि ते आवडत असेल, तर घ्या. माणूस या अत्तरासोबत सर्वात जास्त वेळ याच शेवटच्या वासात घालवतो.

नागपूरचा हंगाम यात मोठी ढवळाढवळ करतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की मोगरा पाचेक मिनिटांत आटोपतो आणि लोबान लगेच समोर येतो. घामात तो जरा उग्रच होतो, तेव्हा उन्हाळ्यात अर्ध्या थेंबाच्याही निम्मं. पारख कूलरसमोर बसून करू नका, विशेषतः वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या असतील तर. वाळा सगळ्यांवर मात करतो. तोंडात खर्रा धरून अत्तर हुंगणाऱ्यांना काय सांगावं, बाप्पा. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलटं: अत्तर गारठून घट्ट होतं, काडीला धड येत नाही. कुपी पाच मिनिटं मुठीत धरा, गॅसजवळ नेऊ नका. माझ्या मते पारख करायला सर्वात चांगला काळ दिवाळीच्या आसपासचा, ना घाम ना गारठा.

पांढऱ्या सदऱ्यावर हे लावू नका, लोबानाचा तपकिरी डाग सहजी निघत नाही. आणि पहिल्या वेळी तीन मिलीची कुपीच घ्या. अत्तरवाला बारा मिलीत कसा फायदा आहे ते समजावून सांगेल, आणि हिशोबात तो बरोबरही असेल. पण आधी एक उन्हाळा आणि एक हिवाळा त्या तीन मिलीवर काढा.