जंगलवाटेवर कुत्रा नेताय? या चुका टाळा

‘दमला की बसेल आपोआप,’ असं धरून चालणं ही पहिली चूक, आणि सगळ्यांत महागात पडणारी. कुत्रा बसत नाही. मालक पुढे चालतोय तोवर तो जीव ओढत मागे येतो, आणि खरोखर बसतो तेव्हा वेळ गेलेली असते. म्हणून सह्याद्रीतल्या कुठल्याही वाटेवर थांबायचं कधी, हे घड्याळ पाहून माणसानेच ठरवायचं.

उन्हाचा अंदाज चुकणं

दर ऑक्टोबरात घडणारा प्रसंग असा. सहा वर्षांचा लॅब्रडॉर, वजन 34-35 किलो, म्हणजे चार-पाच किलो जास्तच. आठवडाभर सोसायटीभोवती वीस मिनिटांच्या फेऱ्या आणि रविवारी थेट गड. निघायचं असतं पहाटे, पायथा सुटतो साडेनऊला. चढताना कुत्रा आनंदात असतो, पुढे धावतो, मागे येतो, आपल्या दुप्पट अंतर कापतो. ‘बघा काय दम आहे!’ असं कौतुकही होतं. साडेबाराला उतरायला सुरुवात होते ती उघड्या दांडावरून, आणि तोवर पाण्याच्या बाटल्या माणसांनीच संपवलेल्या असतात. कुत्रा करवंदीच्या जाळीत शिरून आडवा होतो. हे त्याचं शेवटचं सांगणं असतं. त्याला नाटक समजून बिस्कीट दाखवलं जातं, पट्टा ओढला जातो. तो उठतो, दहा मिनिटं चालतो आणि मग मागचे पाय सोडून देतो.

यातला प्रत्येक निर्णय टाळता आला असता. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, तोही नावापुरता. अंगातली उष्णता तो धापेतून बाहेर टाकतो. जिभेवरची आणि घशातली ओल हवेत उडते, तसं रक्त निवतं. हवा दमट असली की ओल उडत नाही आणि धाप फुकट जाते. त्यामुळे मेमधल्या कोरड्या पहाटेपेक्षा पहिल्या पावसानंतरची कोंदट, वारा पडलेली दुपार कुत्र्यासाठी जास्त वाईट. ढग आहेत म्हणजे ऊन नाही, या हिशेबावर त्याला नेऊ नका.

खुणा ओळखायला शिका. जीभ रुंद होऊन टोकाला पळीसारखी पसरते. लाळ पातळ न राहता तारेसारखी चिकट होते. सावलीत पाच मिनिटं बसवूनही धाप कमी होत नाही. आवडता खाऊ नाकाशी धरला तरी तो तोंड फिरवतो. हिरड्या आधी लालभडक होतात, मग फिक्या पडतात. झोकांड्या, उलटी, पातळ शी इथवर गोष्ट गेली असेल तर तो उष्माघात आहे. कुत्र्याचं गुदद्वारातून मोजलेलं तापमान साधारण 38.3 ते 39.2 सेल्सिअस असतं. ते 41 च्या वर गेलं की आतले अवयव धोक्यात येतात.

अशा वेळी गाडीकडे पळत सुटू नका, आधी जागेवरच गार करा. असेल ते पाणी पोटावर, जांघेत, काखेत, मानेवर ओतत राहा आणि मॅटने किंवा टोपीने जोरात वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका. तो दोन-तीन मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं. थर्मामीटर असेल तर 39.5 ला ओतणं थांबवा. त्यानंतर तो उठून शेपटी हलवू लागला तरी डॉक्टरकडे न्यायचाच. किडनी आणि रक्त गोठण्याची यंत्रणा पुढच्या एक-दोन दिवसांत बिघडू शकते.

सवय लावून घ्यायची ती अशी: उजाडता उजाडता पहिलं पाऊल, आणि दहाच्या आत झाडीत परत. दर वीस मिनिटांनी थांबायचं, कुत्रा मागो न मागो, आणि दरवेळी 100 ते 150 मिली पाणी द्यायचं. वीस किलोच्या कुत्र्यासाठी चार तासांच्या वाटेला दीड लिटर प्यायला आणि एक लिटर अंगावर ओतायला, हे सगळं माणसांच्या पाण्याखेरीज. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाच्या चढावर नेऊच नये. त्यांना धाप लागते, पण ती त्यांना पुरत नाही.

एक जाडसर चादर सॅकमध्ये असू द्या. पस्तीस किलोचा कुत्रा दोन माणसांनी चादरीच्या झोळीतून कसा उतरवायचा, याची तालीम घरच्या जिन्यावर एकदा करून ठेवा.

‘आमचा सोडला तरी कुठे जात नाही’

जातो. भेकर उठलं, ससा पळाला की जातो. पट्टा दीड-दोन मीटरचा, साधा, जाड पट्टीचा. बटण दाबून लांब होणारा पट्टा जंगलात नको. तो झुडपांत अडकतो आणि त्याच्या बारीक दोरीने हात कापतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घ्या, म्हणजे कातळटप्प्यावर कुत्र्याला उचलून घेता येतं. गळपट्ट्याने उचललं तर तो फास होतो.

मोकळा कुत्रा पाचोळ्यात नाक खुपसतो, तिथे फुरसं किंवा घोणस असते. सर्पदंश बहुधा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर होतो. आवळून बांधू नका, कापू नका. उचलून न्या, त्याला चालवू नका, आणि प्रतिविष ठेवणारा प्राण्यांचा दवाखाना जवळपास कुठे आहे हे आदल्या दिवशीच फोनवर विचारून ठेवा. मोकळा कुत्रा वासरू असलेल्या म्हशीच्या वाटेला जातो आणि म्हैस मग माणसांच्याही मागे लागते. तो शेळ्यांमागे धावला की नुकसान धनगराचं होतं. संध्याकाळी तर पट्टा हातातच हवा, कारण बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य असतं.

अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानं पट्ट्यासकट वर्ज्य समजा: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, कोयना, राधानगरी. ही अडवणूक नाही. 2018 साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांतल्या काहींत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा विषाणू मुळात कुत्र्यांमध्ये फिरतो. वाट कुणाच्या हद्दीत आहे हे वनखात्याच्या चौकीवर विचारा आणि नकार मिळाला तर दुसरी वाट धरा.

कुसळं

पाऊस संपला, गवत पिवळं पडलं की हा त्रास सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. जवळपास कुणीच त्याला मोजत नाही. पॅन्टला चिकटलेली कुसळं माणूस उपटून टाकतो, कुत्र्याची मात्र कातड्याखाली जातात.

एक कुसळ बोटांत धरून बघा. पुढे सुईसारखं टोक, त्यावर उलट्या दिशेचे ताठ केस, मागे पीळ पडलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि त्या फिरण्याने टोक पुढे घुसतं. उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आठवड्याभराने पायावर गाठ आणतं. अँटिबायोटिकने गाठ बसते, औषध थांबलं की परत उठते, कारण कुसळ आतच असतं. एक्स-रेमध्ये ते सहसा दिसत नाही. म्हणून ‘हा पंधरा दिवसांपूर्वी गवतातून चालला होता’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

गाडीत बसवण्याआधी तपासणी करा, घरी गेल्यावर नाही. चारही पंजे, प्रत्येक बेचकं दोन बोटांनी फाकवून वरून आणि खालून. मग कानाची पाळी उलटी करून, काखा, जांघा, शेपटीखाली, पापण्यांच्या कडा आणि हार्नेसचे पट्टे टेकतात त्या जागा. दहा मिनिटं लागतात. ज्यांना ती जास्त वाटतात त्यांनी गवताच्या दिवसांत कुत्र्याला डांबरी रस्त्यावरच फिरवावं. गोल्डन, कॉकर, ल्हासा अशा केसाळ कुत्र्यांचे पंजांमधले आणि कानाआतले केस आधीच कात्रीने कमी करा.

चालता चालता सलग पंधरा-वीस शिंका आल्या तर कुसळ नाकात गेलंय. एकदम मान वाकडी करून डोकं झटकू लागला तर कानात. तिथे कापसाची काडी किंवा थेंब घालू नका, कुसळ पडद्यापर्यंत ढकललं जातं. डॉक्टर गुंगी देऊन चिमट्याने काढतात, आणि तेही त्याच दिवशी झालेलं बरं.

बाकीच्या, थोडक्यात

मनुका आणि बेदाणे घातलेला सुका मेवा कुत्र्याला देऊ नका, किडनी जाऊ शकते. कांदेपोहेही नाहीत. माणसांची दुखण्यावरची गोळी, पॅरासिटामॉल असो की आयबुप्रोफेन, अजिबात नाही.

भरपेट खाऊ घालून चढवू नका. जेवण आणि चढ यांत तीन तास ठेवा. मोठ्या छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो.

काळ्या कातळावर हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवा. टेकवत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजणार.

मोठ्या जातीचं पिल्लू दीड वर्षाचं होईपर्यंत लांब चढ आणि उड्या टाळा.

डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) तिथून येतो, आणि जळूही नाकात शिरते. लेप्टो आणि रेबीजची लस वेळेवर घेतलेली असावी.

गोचीड काढताना रॉकेल, काडीचा चटका, तेल काहीही लावू नका. चिमट्याने कातड्याला लागून धरायचं आणि सरळ वर ओढायचं. ट्रेकची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आलं, तर त्या तारखेसकट डॉक्टरकडे जा आणि गोचिडतापासाठी रक्त तपासून घ्या.